रेचलबाई कार्सन

आमच्या मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले आणि प्रत्येकीने एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून आणावे असे चिटणीसबाईंनी फर्मावले. त्याच दिवशी आमची गाय व्याली, त्यामुळे मला सभेला पोचायला उशीर झाला. जाऊन पाहते तो जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई, डॉक्टर आनंदीबाई सगळ्या वाटल्या गेलेल्या. मग मी रेचल कार्सन हे नाव सांगितले. ही कोण बाई, असे सगळ्यांनीच विचारले. मला तरी चार वर्षांपूर्वी कुठे ठाऊक होते?

माझे शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी वाचता येत नाही. माझी थोरली मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते. तिने तिथल्या ग्रंथालयातून या बाईंचे पुस्तक आणले होते. दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी मी तांदूळ निवडायला बसे आणि ती एकेक पान आधी मनात वाचून मग मला आपल्या भाषेत सांगे. पुस्तक संपले तेव्हा लिहिणाऱ्या बाईचे पुढे काय झाले हे कळल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून तिला चरित्रही शोधायला लावले. त्यातून जे समजले ते लिहिते. काही चुकले असेल तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

रेचलबाईंचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या गावी झाला. पोलादासाठी प्रसिद्ध असलेले पिट्सबर्ग शहर तिथून जवळच. वडिलांची सुमारे ६५ एकर जमीन होती. ६५ एकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मोठा वाडा आणि दारी चार बैलजोड्या येतात, पण तसे तिथे काही नव्हते. जमीन होती, पैसा नव्हता. आई मारियाबाई लग्नापूर्वी शाळेत शिकवीत. लग्न झाले आणि नोकरी सुटली, तिकडेही तेव्हा तीच रीत होती. तीन मुलांत रेचल धाकटी. आई तिला घेऊन रानात हिंडे, पाखरे ओळखायला शिकवी. घरात किडा शिरला तर मारायचा नाही, उचलून बाहेर सोडायचा, असा त्या माउलीचा नेम होता. अकराव्या वर्षी रेचलची एक गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली आणि तिचे पैसेही मिळाले. तेव्हापासून लेखिका व्हायचे हे तिच्या मनाने घेतले.

मुलींच्या कॉलेजात नाव घातले ते १९२५ साली. फी भरायला आईने पियानोच्या शिकवण्या धरल्या, घरातली चिनी भांडीसुद्धा विकली. कॉलेजात पहिली दोन वर्षे इंग्रजी साहित्य चालले होते. मग प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, मेरी स्किंकर, भेटल्या आणि रेचलने विषयच बदलला. बाईमाणसाला शास्त्रात कोण नोकरी देणार, म्हणून पुष्कळांनी वेड्यात काढले. १९२९ साली ती पदवीधर झाली आणि त्याच उन्हाळ्यात वुड्स होल येथील संशोधन केंद्रात गेली. तिथे तिने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. वय बावीस. मी स्वतः समुद्र पाहिला तो अडतिसाव्या वर्षी, मंडळाच्या सहलीबरोबर गणपतीपुळ्याला. तेव्हा पाय ओले करून परत फिरले. रेचलबाईंचे तसे झाले नाही, त्यांचे पाय तिथेच रुतले.

पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ साली त्या एम. ए. झाल्या. डॉक्टर व्हायचे मनात होते, पण ते मंदीचे दिवस होते. सगळे घर त्यांच्याकडे राहायला आले होते. १९३५ साली वडील गेले. कमावणारी ती एकटी. तेव्हा सरकारच्या मत्स्य खात्यात माशांविषयी रेडिओवर बोलण्यासाठी छोटे छोटे लेख लिहायचे काम मिळाले, आणि १९३६ मध्ये परीक्षा देऊन त्या तिथेच शास्त्रज्ञ म्हणून कायम झाल्या. वर्षभरात थोरली बहीण वारली. तिच्या दोन मुली मागे राहिल्या, त्या आजीने आणि मावशीने वाढवल्या. लग्न झाले नाही म्हणून या बाईला संसार नव्हता असे ज्यांनी लिहिले, त्यांनी संसार कशाला म्हणतात तेच पाहिले नसावे. दिवसा कचेरी, रात्री लिखाण, आणि घरात चार माणसांची जबाबदारी.

त्यांचे पहिले पुस्तक १९४१ साली आले. त्यात माणूस जवळजवळ नाहीच. किनाऱ्यावर धावणारे चिमुकले पाणपक्षी, आपल्या बांगड्याच्या जातीचा एक मासा आणि वाम मासा, एवढेच त्याचे नायक. त्यातली बांगड्याची हकीगत मुलीने सांगितली तेव्हा माझे हात तांदळातच थांबले. मादी हजारो अंडी पाण्यात सोडते. त्यांतली कितीतरी पहिल्याच दिवसांत कुणाच्या तरी पोटात जातात. पिल्ले होतात, त्यांनाही टपून बसलेले असतातच. वाढून मोठा होतो तो एखादाच. वाचताना वाटते, काय ही क्रूरता! पण सगळीच अंडी जगली तर दोन-चार वर्षांत समुद्रात बांगड्यांशिवाय काही उरणार नाही, आणि मग ते बांगडेही उपाशी मरतील. खाणारा आहे म्हणून खाल्ला जाणारा आवरला जातो. खाल्ला जाणारा आहे म्हणून खाणारा जगतो. एकेका माशाचे नशीब वेगळे आणि माशांच्या जातीचे नशीब वेगळे, ही गोष्ट रेचलबाईंनी कॉलेजच्या भाषेत न सांगता गोष्टीसारखी सांगितली. मात्र पुस्तक निघाले आणि महिन्याभरात अमेरिका युद्धात पडली, त्यामुळे ते कुणी फारसे घेतले नाही. पहिल्या खेपेला दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत.

त्याच युद्धात डी. डी. टी. या पावडरीचे नाव जगभर झाले. ती कीटक मारते हा शोध १९३९ साली स्वित्झर्लंडमधील पॉल म्युलर यांनी लावला, आणि त्याबद्दल त्यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. उवांमुळे पसरणारा टायफस आणि डासांमुळे पसरणारा हिवताप यांना तिने आवर घातला, लाखो जीव वाचवले. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण औषधाला नुसते शिव्या देणे सोपे असते. आपल्या देशात १९५३ साली हिवतापाविरुद्धची सरकारी मोहीम सुरू झाली. त्याआधी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप येई आणि आठ लाख माणसे मरत. मोहिमेनंतर १९६५ साली तो आकडा लाखाच्या आसपास आला. माझ्या लहानपणीसुद्धा फवारणीवाले गावात येत. आई पोळ्यासाठी भिंती सारवून ठेवी आणि हे येऊन त्यावर पांढरे पाणी मारून जात. आई मागून बोटे मोडी, पण अडवत नसे. तिची एक बहीण हिवतापानेच गेली होती.

युद्ध संपता संपता, १९४५ साली, सरकारी केंद्रात डी. डी. टी.चा पाखरांवर आणि माशांवर काय परिणाम होतो याचे प्रयोग चालले होते. रेचलबाईंना ते कचेरीत कळले. त्यांनी एका मोठ्या मासिकाला या विषयावर लेख लिहू का म्हणून विचारले. मासिकाने नको म्हटले. विषय तिथेच राहिला, आणि त्या पुन्हा समुद्राकडे वळल्या.

१९५१ साली समुद्रावरचे त्यांचे दुसरे पुस्तक आले आणि नशीब उघडले. सर्वांत जास्त खपणाऱ्या पुस्तकांच्या यादीत ते ८६ आठवडे होते. पैसा आला, मान आला. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. मेन राज्याच्या किनाऱ्यावर, साउथपोर्ट बेटावर, एक छोटे घर बांधले. शेजारी डोरोथी फ्रीमन नावाची मैत्रीण लाभली. ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यात वाकून तासन्‌तास पाहत बसायचे आणि भिंगाखाली न्यायचे ते पाहून झाले की पुन्हा पाण्यात नेऊन सोडायचे, असा क्रम चाले. आता सुखाचे दिवस आले असे वाटते तोच १९५७ साली, सांभाळलेल्या भाच्यांपैकी एक वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर अनाथ झाला. पन्नाशीच्या उंबरठ्यावर रेचलबाईंनी त्याला दत्तक घेतले. घरात म्हातारी आई आजारी. पुढच्या वर्षी डिसेंबरात आईही गेली.

या सगळ्याच्या मध्ये, १९५८ च्या जानेवारीत, त्यांना एका ओळखीच्या बाईंचे पत्र आले. त्या बाईंनी आपल्या जागेत पाखरांसाठी रान राखले होते. सरकारी विमानाने डासांसाठी त्यावरून औषध फवारले आणि दुसऱ्या दिवशी अंगणात पाखरे मरून पडली. हे कुणाच्या कानावर घालावे, एवढेच त्या बाईंना हवे होते. तेरा वर्षे बाजूला पडलेला विषय पुन्हा पुढे आला. दुसऱ्या कुणीतरी लिहावे म्हणून रेचलबाईंनी खटपट केली, पण कुणी तयार होईना, तेव्हा स्वतःच बसल्या. चार वर्षे लागली. शेकडो शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार केला, अहवाल गोळा केले.

त्या पुस्तकातली एक हकीगत मी मंडळात तोंडी सांगितली होती, ती इथेही लिहिते. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचे मोठे तळे आहे. तळ्यावर चिलटे फार. चावत नसत, पण सहलीला येणाऱ्यांना त्रास. म्हणून १९४९ साली तळ्यात डी. डी. टी.चेच भावंड असलेले डी. डी. डी. टाकले. अगदी मोजून, सात कोटी भाग पाण्यात एक भाग. चिलटे नाहीशी झाली. पाच वर्षांत परत आली. मग १९५४ साली थोडे जास्त, पाच कोटीत एक. त्या हिवाळ्यात तळ्यावरचे पक्षी मरू लागले. आपल्या टिबुकलीच्या कुळातला, पण मोठा आणि लांब मानेचा पक्षी तो. रोग शोधला, सापडला नाही. १९५७ साली तिसऱ्यांदा औषध टाकले, पुन्हा पक्षी मेले. तेव्हा कुणीतरी मेलेल्या पक्ष्याची चरबी तपासली. पाण्यात दहा लाख भागांत एका भागाचा पन्नासावा हिस्सा औषध, आणि पक्ष्याच्या चरबीत दहा लाखांत सोळाशे भाग!

हे झाले कसे? पाण्यात डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती आणि बारीक जीव असतात, त्यांनी ते औषध अंगात घेतले. हे औषध लवकर विरत नाही आणि लघवीवाटे जात नाही, चरबीत साठून बसते. ते बारीक जीव लहान माशांनी खाल्ले, दिवसाला हजारो. लहान माशांना मोठ्या माशांनी खाल्ले, आणि मासे पाखरांनी. दर पायरीला साठा वाढत गेला. लोण्याचे भांडे आठवा. मणभर ताक घुसळावे तेव्हा गोळाभर लोणी वर येते, तसे तळेभर पसरलेले विष घुसळून घुसळून शेवटी पाखराच्या पोटात एकवटले. तळ्यावर त्या पक्ष्यांच्या हजारांवर जोड्या घरटी करीत. १९६० साली तीसेक जोड्या उरल्या, आणि त्यांनाही पिल्ले दिसेनात. कुणी पाखरांवर औषध मारले नव्हते. चिलटांवर मारले होते.

दुसरी गोष्ट रॉबिन पक्ष्याची. विटकरी छातीचा हा पक्षी तिकडे वसंत ऋतूची वर्दी देतो, आपल्या कोकिळेसारखा. एल्म नावाच्या झाडांना रोग पसरवणारे भुंगेरे होते, म्हणून झाडांवर डी. डी. टी. मारले. पाने गळाली, ती गांडुळांनी खाल्ली, गांडुळे मेली नाहीत पण विष घेऊन बसली. वसंतात रॉबिन आले आणि गांडुळे खाऊ लागले. अकरा मोठी गांडुळे एका पक्ष्याला पुरी. रॉबिन ती काही मिनिटांत खातो. पुस्तकाचे इंग्रजी नाव आहे सायलेंट स्प्रिंग, म्हणजे मुका वसंत. ते नाव कसे आले हे ऐकल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

आता जिथे माझ्या घराचा संबंध येतो ते लिहिते. पुस्तकाच्या शेवटाकडे रेचलबाईंनी लिहिले आहे की कीटक औषधाला सरावत चालले आहेत. मला आधी वाटले, माणसाला जशी तंबाखूची सवय लागते तसे असेल. मुलीने समजावले की तसे नाही. एकेका किड्याला सवय होत नाही, तो मरतोच. पण लाखो किड्यांत दोन-चार असे असतात की ज्यांच्या अंगातच ते औषध पचवायची शक्ती जन्मतः आहे. औषध म्हणजे चाळणी. बाकीचे चाळणीतून गळून जातात आणि तेवढे वर राहतात. पुढची पिढी त्यांचीच. कीटकांच्या वर्षात अनेक पिढ्या होतात, त्यामुळे थोड्या वर्षांत सगळे रान त्या दणकट औलादीचे होते. त्यांना खाणारे पाखरू मात्र वर्षातून दोन-चार अंडी घालते, त्याला बदलायला सवडच मिळत नाही. ते मरते. म्हणजे आपण मारायला निघालो ते टिकतात आणि जे फुकट राखण करीत होते ते जातात.

हे ऐकले आणि मला आमच्या वावरातले २०१७ साल आठवले. आम्ही वर्ध्याकडचे, पऱ्हाटीवर जगणारे लोक. बीटी कापूस देशात २००२ साली आला. त्याला बोंडअळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी लावला, आम्हीही. पहिली वर्षे खरेच लागली नाही, फवारण्या वाचल्या. बियाण्याच्या मोठ्या पाकिटाबरोबर एक छोटे पाकीट यायचे, १२० ग्रॅमचे, साध्या कपाशीच्या बियांचे. ते वावराच्या कडेने लावायचे असे त्यावर लिहिलेले असे. आम्ही ते कधी लावले नाही. अळी लागणारी कपाशी कोण हौसेने लावील? सरकी म्हणून म्हशीला घालावी तर त्याला औषध चोळलेले. मी ती पाकिटे उकिरड्यात टाकत असे, स्वतःच्या हाताने.

त्या पाकिटाचा अर्थ मला या पुस्तकाने कळला. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग व्हावेत, आणि बीटीवर तगलेल्या दणकट पतंगांशी त्यांचा जोडा जमावा, म्हणजे दणकटपणा पातळ होत जातो. चाळणीला ठेवलेले ते एक मोठे भोक होते. ते आम्ही बुजवले. शिवाय आमच्याकडे फरदड घ्यायची रीत. शेवटची वेचणी झाली तरी ओलितावर पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवायची, दोन-तीन क्विंटल जास्तीचा कापूस मिळतो. गुलाबी बोंडअळीचे पोट कपाशीवरच भरते. वावर सहा महिने मोकळे राहिले असते तर तिची उपासमार झाली असती. आम्ही तिला बारमाही पंगत वाढली.

२०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. डोमकळ्या दिसू लागल्या, बोंडे फोडली की आत अळी. सगळे घाबरून फवारू लागले, दोन-दोन औषधे एकत्र करून. माझे धाकटे दीर दोन दिवस पाठीवर पंप घेऊन त्या जंगलात फिरले. तोंडाला नुसता दुपट्टा. तिसऱ्या दिवशी उलट्या, आणि डोळ्यांना दिसेना. सहा दिवस दवाखान्यात होते. वाचले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी फवारणीने कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले, हे सर्वांना ठाऊक आहे. कापूस निम्माही घरी आला नाही. त्या वेळी आम्ही बियाण्याला शिव्या दिल्या, औषधाला दिल्या, दुकानदाराला दिल्या. छोट्या पाकिटाचे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

असो. रेचलबाईंकडे वळते. पुस्तक लिहीत असतानाच त्यांच्या छातीत गाठ निघाली. १९६० साली मोठी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तो कर्करोग आहे हे त्यांना सांगितले नाही. बाईमाणसाला काय सांगायचे, अशी तेव्हा पद्धत असावी. काही महिन्यांनी गाठी पुन्हा दिसल्या तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडून खरे कळले. त्यानंतर किरणांचे उपचार, सांधे सुजणे, मध्ये काही काळ डोळ्यांनी वाचता न येणे, आणि घरात शाळकरी रॉजर. अशात पुस्तक पुरे झाले. जून १९६२ मध्ये ते एका साप्ताहिकात क्रमशः आले आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी बाजारात.

मग जे वादळ उठले ते विचारू नका. औषधाच्या कंपन्यांनी पुस्तकाविरुद्ध पत्रके वाटली. ती शास्त्रज्ञच नाही, भावनेच्या भरात लिहिते, म्हणाले. तिला लग्न नाही, मूल नाही हेही काढले. रेचलबाई भांडल्या नाहीत. औषधे सरसकट बंद करा असे त्यांनी कुठेही लिहिलेले नव्हते. हाती विष आहे तर ते कुठे जाते हे पाहून वापरा, आणि मित्रकीटक, पाखरे, परजीवी यांच्याकडून जे काम होते ते आधी करून घ्या, एवढेच त्यांचे म्हणणे. १९६३ च्या एप्रिलमध्ये दूरदर्शनवर त्यांचा कार्यक्रम झाला. शांतपणे बसून बोलणाऱ्या त्या बाईला देशभर लोकांनी पाहिले. मे महिन्यात अध्यक्ष केनेडी यांच्या शास्त्रीय सल्लागारांच्या समितीचा अहवाल आला आणि तो बराचसा त्यांच्या बाजूने होता. जूनमध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. उपचारांनी केस गेले होते, टोप घातला होता. आजार लोकांना कळू दिला नव्हता. कळला असता तर आजारपणामुळे कडवट झाली म्हणून तेही तोंडावर मारले असते.

१४ एप्रिल १९६४ रोजी, मेरीलँडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वय ५६. रॉजरला त्यांच्या पुस्तकाच्या संपादकांनी आपल्या घरी वाढवले.

अमेरिकेत शेतीसाठी डी. डी. टी.वर १९७२ साली बंदी आली. हिवतापासाठी मात्र ते जगभर बंद झाले नव्हते. २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही ती सवलत ठेवली. म्हणून रेचलबाईंमुळे हिवतापाने माणसे मेली असे कुणी म्हटले तर ते खरे मानू नये. आपल्याच देशात फवारणी चालू असताना १९७६ साली हिवतापाचे रोगी चौसष्ट लाखांवर गेले. मोहिमेत ढिलाई झाली हे एक कारण, आणि डासही चाळणीवर उरलेल्यांची औलाद झाले होते हे दुसरे. अमेरिकेच्या राष्ट्रचिन्हावर पांढऱ्या डोक्याचा गरुड आहे. मासे खाणारा असल्यामुळे त्याच्याही अंगात विष साठे आणि अंड्याचे कवच इतके पातळ होई की आई उबवायला बसली की फुटे. कवचाचे हे कोडे १९६७ साली, बाईंच्या मृत्यूनंतर, सुटले. १९६३ साली अलास्का सोडून उरलेल्या देशात त्या गरुडाच्या ४१७ जोड्या राहिल्या होत्या. २००७ मध्ये त्या सुमारे ९,७०० झाल्या.

आमच्या घरी डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटतो. दोन वर्षे झाली. दीर अजून म्हणतात की शेजारचा ठेवतो तर आपण एकट्याने उपटून काय होणार, पतंगाला बांध दिसतो का? त्यांचे म्हणणे खोटे नाही. म्हणून मी मंडळात हा विषय काढला, आणि आता गावातल्या अकरा घरांची पऱ्हाटी नव्या वर्षाच्या आत निघते. त्या दोन-तीन क्विंटलांच्या पैशांची ओढाताण मात्र माझ्याच हिशेबाच्या वहीत होते.

एक सांगायचे राहिले. १९६३ च्या सप्टेंबरात, आपले फार दिवस उरले नाहीत हे ठाऊक असताना, रेचलबाई आणि डोरोथीबाई एका सकाळी बेटाच्या टोकाला, न्यूएगन येथे, समुद्राकाठी बसल्या होत्या. केशरी-काळी मोनार्क फुलपाखरे एकामागून एक दक्षिणेकडे चालली होती. रुईच्या कुळातल्या झाडांवर वाढणारी ही जात. हिवाळ्यात ती कुठे जातात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. १९७५ साली मेक्सिकोच्या डोंगरांत झाडे वाकतील इतकी ती बसलेली सापडली. गेलेले फुलपाखरू मेन राज्यात कधी परत येत नाही. वसंतात ते परतीला निघते, वाटेत अंडी घालून मरते. त्याची पोरे पुढे सरकतात, त्यांची पोरे आणखी पुढे, आणि उन्हाळ्यात त्याच बेटावर येतात ती नातवंडे-पतवंडे. जाणारी पुन्हा येणार नाहीत हे त्या दोघींना ठाऊक होते, आणि त्याचे त्यांना वाईट वाटले नाही असे रेचलबाईंनी दुपारी मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात आहे. त्यांच्या रक्षेचा काही भाग आईशेजारी पुरला. उरलेला डोरोथीबाईंनी त्याच किनाऱ्यावर नेऊन समुद्रात सोडला.